मापात न मावणारी हालचाल

1953 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्यातल्या हृदयविकाराची त्यात तुलना होती. ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ सगळा वेळ सीटवर बसून असे. कंडक्टर तिकिटं देत दिवसाला पाचशे-सातशे पायऱ्या चढे. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर उशिरा आणि तुलनेने सौम्य. तीनच वर्षांनी याच गटाने स्वतःच्या निष्कर्षाची उलटतपासणी केली. युनिफॉर्मच्या पँटींची मापं त्यांनी काढली, तेव्हा ड्रायव्हर तरुणपणीच कंबरेने रुंद असल्याचं दिसलं. म्हणजे बसण्याने माणूस जाडावतो की जाड माणूस बसण्याचं काम धरतो, हा प्रश्न पहिल्या पायरीवरच उभा राहिला होता. हालचालीवरच्या आजच्या संशोधनाचा उगम बहुतेक जण इथे मानतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या अभ्यासातली माणसं 35 ते 64 वयाची होती आणि त्यांची वर्गवारी हुद्द्यावरून केलेली होती. ज्या वयात हुद्दा सुटतो, त्याच वयापाशी ते माप थांबत होतं. निवृत्त कंडक्टर घरी काय करतो, त्याची बायको दिवसभर किती उठबस करते, हे विचारण्याची सोय त्यात नव्हती.

ती सोय करण्याचा प्रयत्न गेली काही दशकं चालू आहे, आणि हे पुस्तक त्या प्रयत्नाविषयी आहे. 2011 च्या जनगणनेत भारतात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींहून जास्त होती. महाराष्ट्रात साधारण दर दहा माणसांमागे एक. एवढ्या लोकांविषयी 'ते पुरेसं हलत नाहीत' असं आपण सहज म्हणतो, आणि सरकारी अहवालही म्हणतात. माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य खरं की खोटं, ते ठरवण्याची आपली साधनं म्हातारपणापाशी येऊन अडखळतात, आणि त्या अडखळण्याला एक ठरावीक कारण आहे. हालचाल मोजताना आपण दोन गोष्टी एकच धरून चालतो: शरीराने प्रत्यक्ष उचललेला भार आणि तो उचलताना त्या शरीराला पडलेले कष्ट. पंचविशीत या दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी सोबत चालतात. पंच्याहत्तरीत त्यांची फारकत होते. जे साधन ही फारकत ओळखत नाही, ते म्हाताऱ्या माणसाला एका बाजूने फुगवून दाखवतं किंवा दुसऱ्या बाजूने पुसून टाकतं.

प्रश्नावलीपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडचे बहुतेक आकडे तिच्यातून आलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली 'जीपॅक' ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. महाराष्ट्रासह भारतातल्या सहा राज्यांत झालेल्या 'सेज' या वृद्धत्वविषयक अभ्यासात ती होती, आणि ज्यात महाराष्ट्र हा एक प्रदेश होता त्या 'आयसीएमआर-इंडियाब' या मधुमेहाच्या मोठ्या पाहणीतही होती. त्या पाहणीत महाराष्ट्रातल्या दहापैकी नऊ प्रौढांनी फावल्या वेळात व्यायाम, खेळ असं काहीच करत नसल्याचं सांगितलं. जीपॅक काम, येणं-जाणं आणि फावला वेळ असे तीन कप्पे करते, एका 'नेहमीच्या' आठवड्याबद्दल विचारते, आणि सलग दहा मिनिटं केलेली हालचालच धरते. आता हे प्रश्न गावातल्या सत्तरीच्या बाईपुढे ठेवून पाहा. 'काम' म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे मजुरी किंवा शेत येतं. घरकामही कामातच धरावं अशी प्रश्नावलीची सूचना आहे, पण विचारणाऱ्याने ती नीट उलगडून सांगितली नाही तर उत्तर येतं, 'आता कुठलं काम, सुना करतात.' मग ती पाटीभर शेंगा फोडते, नातवाला कडेवर घेऊन ओसरीवर फेऱ्या मारते, शेरडाला पाला टाकते, चुलीपाशी दोनदा बसते-उठते. यातलं काहीही सलग दहा मिनिटं चालत नाही. आणि नेहमीचा आठवडा कोणता धरायचा? कांदा लागवडीतला की उन्हाळ्यातला? आळंदीहून पंढरपूरपर्यंतचं सुमारे 250 किलोमीटरचं अंतर दरवर्षी पायी तोडणाऱ्या वारकऱ्याला आषाढात विचारलं तर एक उत्तर मिळेल, माघात विचारलं तर दुसरं. दोन्ही खरी असतील.

दहा मिनिटांची अट संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत काढून टाकली. थोडी थोडी हालचालही मोजावी, हे मान्य झालं. उशिरा का होईना, झालं. पण प्रश्नावलीत त्याहून खोलवर रुतलेली एक अडचण आहे आणि तिची चर्चा मला फारशी दिसत नाही. जीपॅक विचारते: असं काम करता का, ज्यात श्वास खूप वाढतो? ज्यात थोडा वाढतो? म्हणजे प्रश्न कष्टांविषयी आहे. उत्तर मिळालं की हिशेबात मात्र 'खूप' असेल तर आठ मेट आणि 'थोडा' असेल तर चार मेट असे ठरीव आकडे धरले जातात. मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराच्या ऊर्जाखर्चाची पट. आठ मेट म्हणजे त्याच्या आठपट. ऐंशी वर्षांच्या माणसाची शरीरक्षमता पुष्कळदा चार-पाच मेटच्या पलीकडे जात नाही. दुसऱ्या मजल्यावर चढून धापा टाकणाऱ्या आजोबांनी प्रामाणिकपणे 'खूप श्वास वाढतो' म्हटलं की त्यांच्या नावावर आठ मेट जमा होतात. त्यांच्या शरीराला जे शक्यच नाही, ते कागदावर झालेलं असतं. कष्टांचा प्रश्न विचारून भाराचं उत्तर लिहून घेतलं की असं होणारच.

बसण्याच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. ब्रिटनमधल्या हार्वी, चॅस्टिन आणि स्केल्टन यांनी वृद्धांच्या बैठेपणावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. लोकांना विचारल्यावर दिवसाला सरासरी 5.3 तास बसणं सांगितलं जात होतं. यंत्राने मोजल्यावर तेच 9.4 तास भरत होतं. यात कुणी खोटं बोलत नाही. चालायला गेलेलं माणसाला आठवतं, कारण ते ठरवून केलेलं असतं. बसणं हे दोन कामांच्या मधल्या फटींत साचत जातं आणि त्याची वेगळी नोंद मनात राहत नाही. विस्मरण सुरू झालेल्या माणसाच्या वतीने मुलगा किंवा सून उत्तर देते तेव्हा हा अंदाज आणखी सैल होतो, कारण उत्तर देणारं माणूस दिवसभर घरात नसतं. 2022 मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ, पुरुषांत 42 आणि बायकांत 57 टक्के, अपुरी हालचाल करत होते असा अंदाज 2024 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. तो अंदाज काळजीपूर्वक केलेला आहे, तरी त्याचा पाया अशा प्रश्नावल्यांचाच आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचायला हवा.

मग यंत्र वापरावं, हे ओघाने आलंच. अ‍ॅक्सेलरोमीटर हे काड्यापेटीपेक्षा लहान यंत्र कमरेला, मनगटाला किंवा मांडीवर लावतात. ते शरीराच्या गतीतले बदल टिपत राहतं. अमेरिकेच्या 'नहानेस' या राष्ट्रीय पाहणीत 2003-04 मध्ये हजारो लोकांच्या कमरेला ते सात दिवस बांधलं गेलं, आणि सल्ल्याप्रमाणे पुरेशी हालचाल करणारे प्रौढ पाच टक्क्यांहूनही कमी निघाले. तोंडी सांगितलेलं प्रमाण याच्या कितीतरी पट जास्त होतं. त्या वेळी या निकालाने खळबळ उडाली, आणि प्रश्नावल्यांवरचा विश्वास उडणं स्वाभाविक होतं. पण यंत्र फक्त धक्के मोजतं. कोणता धक्का 'मध्यम' हालचालीचा, ते माणूस ठरवतो. त्या काळी सर्रास वापरलेली सीमारेषा, मिनिटाला 1952 नोंदी, ही 1998 च्या एका प्रयोगातून आलेली होती. त्या प्रयोगात पन्नास तरुण स्त्री-पुरुष ट्रेडमिलवर चालले आणि धावले होते. पुढे कोपलँड आणि एस्लिगर यांनी सत्तरीच्या आसपासच्या माणसांवर तेच करून पाहिलं, तेव्हा ही रेषा 1041 वर आली. जवळजवळ निम्म्यावर! एखादी आजी त्याच रस्त्यावरून, तेवढाच वेळ, तेवढ्याच नेटाने चालली तरी एका रेषेने ती निष्क्रिय ठरते आणि दुसरीने सक्रिय. तिच्या चालण्यात काहीच बदललेलं नसतं.

यंत्राच्या बारीकसारीक नियमांतही म्हातारपण असंच गळतं, आणि मला सगळ्यात जास्त खटकतो तो 'न वापरलेल्या वेळे'चा नियम. यंत्र काढून ठेवलं आहे की अंगावर आहे, हे नोंदींवरून ओळखावं लागतं. नहानेसच्या विश्लेषणात सलग साठ मिनिटं शून्य आलं की यंत्र काढून ठेवलं असं धरलं आणि तो वेळ हिशेबातून वगळला. तरुण माणूस जागेपणी तासभर अजिबात न हलता क्वचितच बसतो. पण दुपारी आरामखुर्चीत टेकलेले, पार्किन्सनने जखडलेले किंवा नुसते खिडकीबाहेर बघत बसलेले आजोबा तासभर निश्चल असू शकतात. त्यांचा नेमका तोच वेळ, ज्याची काळजी करायला हवी, यंत्र 'काढून ठेवलं होतं' म्हणून पुसून टाकतं. दिवसातले किमान दहा तास भरले नाहीत तर तो दिवसच बाद, आणि असे चार दिवस जमले नाहीत तर पुष्कळदा ते माणूसच अभ्यासातून बाद. सर्वांत कमी हलणारी माणसं अशी मोजणीतून आधी बाहेर पडतात. चोई आणि सहकाऱ्यांनी ही मर्यादा नव्वद मिनिटांवर नेण्याचं सुचवलं, तेव्हा वृद्धांच्या बाबतीत चूक कमी झाली. यंत्र कुठे बांधायचं, हाही प्रश्न सोपा नाही. कमरेचं यंत्र संथ, पाय घासत टाकलेली पावलं नीट पकडत नाही. शिवाय नऊवारीच्या निऱ्या-ओच्यांत ते बसवायचं कुठे, हे प्रत्यक्ष बांधणाऱ्यालाच विचारावं. मनगटावरचं यंत्र लोक जास्त वेळ ठेवतात, म्हणून नहानेस 2011 पासून मनगटाकडे वळली. पण वॉकरच्या दांड्यावर घट्ट धरलेलं मनगट चालतानाही हलत नाही, आणि परातीत भाकरी थापणारं मनगट बसल्या जागी भरपूर हलतं. पहिलं माणूस यंत्राला बसलेलं वाटतं, दुसरं चालणारं.

प्रश्नावली आणि यंत्र या दोन्हींच्या मुळाशी असलेलं एककच तरुण शरीरावर बेतलेलं आहे. एक मेट म्हणजे किलोमागे मिनिटाला 3.5 मिलिलिटर प्राणवायू, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. बर्न आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये साडेसातशेहून अधिक प्रौढांवर हे तपासलं तर सरासरी 2.6 च्या आसपास निघाली. वाढत्या वयात स्नायू घटतात, तसा विश्रांतीतला खर्चही घटतो. 2024 साली साठीपुढच्या माणसांसाठी हालचालींच्या ऊर्जाखर्चाची स्वतंत्र यादी प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात विश्रांतीचं मूल्य 2.7 धरलं आहे. या शास्त्रात माझ्या मते गेल्या काही वर्षांत झालेलं हे सर्वांत मोलाचं पाऊल आहे. कारण त्यात पहिल्यांदा मोजपट्टी म्हाताऱ्या शरीरापासून सुरू होते.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. प्रत्येक वयाला, प्रत्येक देशाला वेगळी पट्टी दिली तर तुलनाच उरणार नाही. पुण्याचा आकडा ग्लासगोशी कसा ताडून पाहायचा? आणि रेषा सैल केली की सगळेच सक्रिय ठरतील, मग सल्ला द्यायचा कुणाला? पहिल्या भागाला आज तांत्रिक उत्तर आहे. 2013 ते 2015 मध्ये ब्रिटनच्या 'यूके बायोबँक'ने सुमारे एक लाख लोकांच्या मनगटावर यंत्र बांधलं तेव्हा कच्ची नोंद, सेकंदाला शंभर वेळा टिपलेली, जपून ठेवली. कच्ची नोंद हाताशी असली की त्यावर दोन्ही पट्ट्या लावता येतात. जुनी तुलनेसाठी, नवी समजून घेण्यासाठी. दुसऱ्या भागाचं उत्तर अमेरिकेतल्या 'ओपॅक' या वृद्ध स्त्रियांच्या अभ्यासात मिळतं. तिथे यंत्राच्या रेषा ठरवण्यासाठी साठीपुढच्या सुमारे दोनशे बायकांना भांडी धुणं, कपड्यांच्या घड्या घालणं, जमीन झाडणं, चालणं अशी कामं करायला सांगितली आणि त्या कामांवरून रेषा आखल्या. मग सहा हजारांहून अधिक, 63 ते 99 वयाच्या बायकांचा मागोवा घेतला. दिवसाकाठी अर्धा तास जास्त हलकी हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे 12 टक्क्यांनी कमी आढळलं. हीच हालचाल जुन्या रेषेखाली राहून 'काही नाही' ठरत होती. रेषा बदलल्याने सगळ्या बायका सक्रिय ठरल्या नाहीत. त्यांच्यातला जो फरक आधी दिसत नव्हता, तो दिसू लागला.

याच अभ्यासावर मॉरिस यांच्या पँटींची आठवण करून देणारा आक्षेप घेता येतो: निरोगी बाई जास्त हलते, आजारी बाई बसून राहते, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हातारपणात तो सर्वांत जास्त लागू पडतो, कारण तिथे दडलेला आजार नसलेलं माणूस विरळा. संशोधक सुरुवातीच्या काही वर्षांतले मृत्यू वगळून, आजारांचा हिशेब धरून त्याची धार कमी करतात, संपवू शकत नाहीत. एकेलुंड आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये यंत्राने मोजलेल्या 36 हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. साडेनऊ तासांच्या पुढे बैठा वेळ गेला की धोका चढतो असं त्यांना दिसलं. 'चढतो' या क्रियापदात कार्यकारणभाव गृहीत धरू नये. पण कारण असो वा लक्षण, माप चांगलं असलं तर दोन्ही कामी येतं. घरातल्या घरात आजोबांची उठबस महिन्यागणिक कमी होत चालली आहे, हे वेळेवर कळलं तर ती खूण आजाराची आहे की सवयीची, हे पुढे डॉक्टर पाहू शकतात. न कळलं तर पाहणार कोण?

बसण्याचा प्रश्न आपल्याकडे आणखी एका वळणावर वेगळा होतो. 2017 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार जागेपणी बसून, रेलून किंवा आडवं होऊन दीड मेट किंवा त्याहून कमी ऊर्जा खर्चणं म्हणजे बैठेपणा. मांडीवर चिकटवलेलं यंत्र मांडीचा कोन पाहून उभं की बसलेलं ते ठरवतं, आणि खुर्चीच्या जगात ते छान काम करतं. पण विळीवर बसून मेथी निवडणारी बाई, उकिडवं बसून अंगण सारवणारी बाई, पाटावर मांडी घालून जेवणारे आजोबा, या सगळ्यांच्या मांडीचा कोन आडवाच असतो. टांझानियातल्या हाडझा या शिकार-संकलन करणाऱ्या समाजावर रायक्लेन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे लोकही दिवसाला सुमारे दहा तास बसलेले आढळले, म्हणजे साधारण शहरी माणसाइतकेच. पण त्यातला बराच वेळ उकिडवं किंवा गुडघ्यांवर बसण्यात जात होता आणि त्या वेळी पायांचे स्नायू खुर्चीपेक्षा जास्त काम करत होते. ब्राझीलमध्ये क्लाउडिओ अराऊजो यांच्या गटाने 51 ते 80 वयाच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसून आधाराशिवाय उठायला सांगितलं. ज्यांना ते जमत नव्हतं, त्यांच्यात पुढच्या वर्षांतले मृत्यू जास्त होते. यावरून 'जमिनीवर बसा, जगा' अशी घोषणा कुणी करू नये. बीजिंगमधल्या वृद्धांच्या अभ्यासात तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांच्या गुडघ्यांची झीज जास्त आढळली आहे, आणि आपल्या गुडघेदुखीच्या ओपीडीत रांगेला बसलेल्या बायकांना हे सांगण्याची गरजही नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की खुर्चीतलं बसणं आणि जमिनीवरचं बसणं यांची नोंद एकाच रकान्यात झाली, तर त्यातलं हित आणि अहित दोन्ही कळणार नाही.

'आता सगळ्यांकडे फोन आहे, घड्याळ आहे, पावलं आपोआप मोजली जातात, मग एवढा खटाटोप कशाला,' असंही विचारलं जाईल. फोन माणसाच्या खिशात असला तरच मोजतो, आणि म्हाताऱ्या माणसांचा फोन बहुधा कपाटावर चार्जिंगला लावलेला असतो. मनगटी घड्याळ घेणारा वर्ग आधीच सधन, सुशिक्षित आणि हौसेने चालणारा असतो. बायोबँकेसारख्या मातब्बर प्रकल्पातही बोलावलेल्यांपैकी साडेपाच टक्केच लोक आले होते. आणि दहा हजार पावलांचं जे लक्ष्य फोनवर झळकतं, ते 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पावलंमापकाच्या नावातून आलं आहे. आय-मिन ली यांनी सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांची पावलं मोजली, तेव्हा दिवसाला सुमारे 4400 पावलं टाकणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण 2700 वाल्यांपेक्षा 41 टक्क्यांनी कमी होतं, आणि 7500 च्या पुढे फरक पडेनासा झाला. पाच हजार पावलं टाकून दहा हजारांच्या लक्ष्यापुढे स्वतःला नापास ठरवणारी आजी चुकीच्या मापाने हिरमुसलेली असते, आणि हिरमुसलेलं माणूस चालणं सोडतं.

मोजण्याला एवढं महत्त्व का, याचं उत्तर पैशात आहे. पदपथ दुरुस्त करायचा की उद्यान बांधायचं, गावपातळीवर फिजिओथेरपिस्ट नेमायचा की जाहिरात करायची, हे आकड्यांवरून ठरतं. ऐंशीच्या माणसाला पलंगावरून उठवून दिवसातून सहादा न्हाणीपर्यंत चालतं करणारी योजना जुन्या रेषेवर शून्य गुण मिळवेल आणि बंद पडेल. म्हणून महाराष्ट्रात कोणी अशी पाहणी आखत असेल, तर तिने किमान तीन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. यंत्राची कच्ची नोंद जपावी. सोबत आदल्या दिवसाची तासागणिक डायरी घ्यावी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या 'वेळ-वापर' पाहणीत पहाटे चारपासून पुढच्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासांत विचारला होता, तो नमुना हाताशी आहेच. आणि यंत्राच्या रेषा इथल्या वृद्धांकडून इथली कामं करवून घेऊन तपासाव्यात: धुणं, निवडणं, सारवणं, शेळ्यांमागे चालणं, देवळाच्या पायऱ्या चढणं.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. या क्षेत्रातल्या बहुतेक अभ्यासांत सहभागी होण्याची पहिली अट 'आधाराशिवाय चालता येणं' ही असते. अर्धांगवायू झालेले, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले, पलंगाला खिळलेले लोक दारातूनच परत जातात. त्यांच्याविषयी काहीच न मोजता आपण वृद्धांच्या हालचालीविषयी बोलत राहतो. कुशीवर वळणं, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणं, कुणाचा हात धरून उभं राहणं, ही त्यांची हालचाल आहे आणि तिच्यासाठी मात्रेची एखादी पायरी आखायला हवी. ती कुठे धरायची आणि कोणत्या साधनाने टिपायची, यावर अभ्यासकांचं एकमत झालेलं नाही. या पुस्तकातलं पहिलं प्रकरण त्या वादापासून सुरू होतं.